लॅबमधला आळ

अंबाजोगाईत कुणाचा कॉम्प्युटर बिघडला की लोक संगमेशला फोन करत. मूळचा परळीचा, वडलांचं किराणा दुकान. पण दुकानात त्याचं मन कधी रमलं नाही. चौदा वर्षं तो कॉम्प्युटर दुरुस्तीचंच काम करत होता. संगमेशचा हात लागला की काम होणारच, असं लोक म्हणत, आणि हळूहळू त्यालाही तसंच वाटू लागलं होतं.

गेल्या वर्षी गावातल्या एका खासगी कॉलेजनं चाळीस नवे कॉम्प्युटर घेतले. एकेकावर पेनड्राइव्हनं सिस्टिम टाकत बसण्यापेक्षा संगमेशनं एक सर्व्हर लावला. कॉम्प्युटर चालू झाला की तो नेटवर्कवर विचारतो, माझा पत्ता काय, फाइल कुठून घेऊ? सर्व्हर दोन्हीचं उत्तर देतो आणि सिस्टिम आपोआप उतरते.

पहिल्या दिवशी दहा झाले. दुसऱ्या दिवशी सकाळपासून गोंधळ. काही सुरू होत, काही काळ्या पडद्यावर अडकत: पत्ता मिळाला, फाइलचं नाव मिळालं नाही. अडकलेला पुन्हा चालू केला की कधी चालायचाही. संगमेशनं वायरी बदलल्या, त्या सगळ्या जिथं जोडल्या होत्या तो नेटवर्कचा स्विच बदलला, सर्व्हर दोनदा नव्यानं लावला. दुपारी प्राचार्य आले. दारात पहिल्या वर्षाची पोरं प्रॅक्टिकलसाठी ताटकळली होती.

"काय हो, सोमवारी परीक्षा आहे!"

संगमेशच्या तोंडून निघून गेलं, "सकाळी मावशींनी झाडताना वायरी हलवल्यात, सर."

मावशी म्हणजे वत्सलाबाई, लॅबच्या कंत्राटी शिपाई. त्या पुढं आल्या. "म्या हात न्हाई लावला. टेबलाखाली झाडलंच न्हाई आज."

"मग काय आपोआप हलल्या?" संगमेश सगळ्यांदेखत म्हणाला.

प्राचार्यांनी तिथंच लॅबची किल्ली मागून घेतली आणि बाईंना गेटवर बसवलं.

संध्याकाळी एका अडकलेल्या कॉम्प्युटरला मिळालेला पत्ता संगमेशनं नीट वाचला. तो त्याच्या सर्व्हरनं दिलेला नव्हता. आकडे ओळखीचे होते. मोबाइलला वायफाय हवं म्हणून त्यानंच सकाळी घरचा छोटा राउटर स्विचला जोडला होता, आणि स्विच बदलतानाही त्याची वायर सवयीनं परत लावली होती. तोही पत्ते वाटत होता, पण फाइलबद्दल त्याला काहीच ठाऊक नव्हतं. ज्याचं उत्तर आधी पोचेल, त्याचं कॉम्प्युटर ऐकत होते. राउटरची वायर उपसली तशी उरलेली सगळी यंत्रं ओळीनं सुरू झाली.

लॅबमध्ये कुणी नव्हतं. त्यानं राउटर बॅगेत टाकला आणि चेन ओढली.

परीक्षा सुरळीत पार पडली. प्राचार्यांनी स्टाफरूममध्ये त्याची पाठ थोपटली. बाहेर पडताना गेटवर वत्सलाबाईंनी रजिस्टर पुढं केलं. "जायची वेळ लिवा, सर." त्यानं वर न बघता वेळ लिहिली.

आठ दिवस त्यानं कॉलेजकडची कामं टाळली. जेवणावरून अर्ध्यात उठू लागला. शेवटी प्राचार्यांकडे जाऊन त्यानं सगळं सांगितलं.

"झालं ना काम? आता कशाला उकरताय?" ते म्हणाले.

"बाईंची चूक नव्हती, सर. मी लिहून देतो." त्यानं तिथंच बसून अर्ज लिहिला. दुसऱ्या दिवशी किल्ली बाईंकडे परत गेली.

तो लॅबमध्ये त्यांना भेटायला गेला. "मावशी, चुकलं माझं."

वत्सलाबाई खुर्च्या पुसत होत्या. "लिवून दिलं, बरं केलं. पर त्या दिवशी दारात पोरं हुती ना, त्यात माजी आरोही हुती. तवापासून मैत्रिणींत बसंना झालीय."

संगमेशला हे ठाऊकच नव्हतं. त्यानं विचारलं, "तिला सांगू का मी? मैत्रिणींसमोर?"

"सांगा की."

मधल्या सुट्टीत कँटीनपाशी त्यानं आरोहीला गाठलं. चार-पाच मुली भोवती होत्या. "तुझ्या आईनं काही केलं नव्हतं. चूक माझी होती, आणि कळल्यावरही मी गप्प बसलो," तो म्हणाला.

आरोहीनं खाली मान घालून ऐकलं. "बरं," एवढंच म्हणाली आणि मैत्रिणींबरोबर वर्गाकडं गेली. संगमेश तिथंच उभा राहिला.