पेरूबनातले पाहुणे

आमच्याकडे जेवायला चारजण बसले की भाजी संपते, हॉटेलच्या गोष्टी संपत नाहीत. एक सांगायला घ्यावी, तर दुसरी मध्येच तोंड घालते.

मुळात हॉटेल काढायचं कुणाच्या मनातही नव्हतं. माझे वडील, आप्पा, नव्वद सालच्या सुमारास रिटायर झाले आणि सायखेड्याजवळ पेरूच्या बागेत त्यांनी बंगला बांधला. नदी जवळ, हवा छान. त्यामुळे नातेवाईक आले की हलेनात. आत्याचे यजमान दोन दिवसांसाठी म्हणून आले आणि पेरूचा हंगाम संपवून गेले. आई वैतागून म्हणाली, "एवढं करतेच आहे, तर बाहेर बोर्ड तरी लावा."

आप्पांनी खरंच लावला. 'पेरूबन. राहण्याची व जेवणाची घरगुती सोय.' त्या दिवसापासून नातेवाईक यायचे बंद झाले!

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे मुंबईचं एक जोडपं. आईने त्यांना चपला बाहेर काढायला लावल्या. आंघोळीशिवाय नाश्ता मिळणार नाही, असं बजावलं. साहेबांना डायबेटिस आहे हे कळल्यावर त्यांच्या पुढ्यातला गुलाबजाम उचलून नेला. हे काही परत येत नाहीत, असं आप्पा धरूनच चालले होते.

पुढच्या दिवाळीत ते आले. साहेब दारातच चपला काढत आपल्या धाकट्या भावाला दटावत होते, "आधी आंघोळ. इथे चालत नाही."

मग आप्पांच्या डोक्यात स्विमिंग पूल शिरला. विहिरीजवळच्या हौदाला त्यांनी निळा रंग दिला, उतरायला पायऱ्या केल्या. पुण्याचे एक प्रोफेसर टोपी, गॉगल अशा थाटात पोहायला गेले आणि कोरडेच परत आले. आत म्हैस बसली होती.

आप्पांनी आमच्या किसनला झापलं. म्हशींचं तोच बघायचा. तो शांतपणे म्हणाला, "आप्पा, ती रोजचीच हाय. सायब आज आले."

दोन हजारनंतर हायवेला घसरगुंड्यांचं मोठं रिसॉर्ट झालं. आमच्या खोल्या रिकाम्या राहू लागल्या, आप्पा बंद करायचं बोलायला लागले. तेवढ्यात लासलगावच्या एका कांदा व्यापाऱ्याने मुलासाठी मुलगी बघायचा कार्यक्रम आमच्याकडे ठेवला. जमलं तर लग्नही इथेच, म्हणाले. आई हरखून गेली.

ठरल्या वेळी मुलाकडचे आले. मागोमाग दुसरी गाडी आली. आई, वडील, मुलगी. आमच्या आईने त्यांना थेट हॉलमध्ये नेऊन बसवलं. मुलगी ट्रॅकसूटमध्ये होती. आईला ते जरा खटकलं, पण हल्लीच्या मुली, असं म्हणून तिने पोह्यांचा ट्रे तिच्या हातात दिला. तिनेही हसत सगळ्यांना पोहे दिले.

गप्पा रंगल्या. व्यापाऱ्यांनी शिक्षण विचारलं, मुलीच्या वडिलांनी कौतुकाने सांगितलं. ती आर्किटेक्ट होती. कांदा साठवायच्या चाळीत हवा कशी खेळती ठेवतात, हे मुलगा तिला समजावत होता. तिने पेपर नॅपकिनवर त्याला आणखी चांगली चाळ काढून दाखवली.

तेवढ्यात फोन वाजला. मुलीकडचे ओझरजवळ पंक्चर होऊन अडकले होते. समोर बसलेले हे तिघे ठाण्याहून सहलीला आले होते!

रिसीव्हरवर हात ठेवून आप्पांनी ते सगळ्यांना सांगितलं. व्यापाऱ्यांची बायको पदर सावरत राहिली. मुलगा नॅपकिनवरून नजर उचलेना. आता फोनवरच्यांना काय सांगू, असं आप्पांनी चाचरत विचारलं.

मुलीने मांडीवरचा ट्रे टेबलावर ठेवला.

"सांगा," ती म्हणाली, "घाई करू नका. सावकाश या."