आईच्या पासपोर्टातली तीन पानं

दुबईत आमच्याकडे अनारसे तिळावर थापले जायचे. खसखस तिकडे चालत नाही, मादक पदार्थांत मोडते, हे अल कुसैसमधल्या आमच्या बिल्डिंगमधल्या पोराटोरांनाही ठाऊक होतं. कुणाच्या तरी मसाल्याच्या पुडीत खसखस निघाली आणि माणूस आत गेला, ही गोष्ट दर मजल्यावर थोडी वेगळी ऐकायला मिळे. मी मुळातच भित्री. आई भारतातून येताना तिची बॅग मी स्वतः तपासायचे, गोडा मसाला हुंगून बघायचे.

असल्या बाईने पेरूच्या डोंगरात जायचं काही कारण नव्हतं. पण दोन हजार सालानंतर एक-दोन वर्षांनी नवऱ्याला कंपनीने तीन महिन्यांसाठी लिमाला पाठवलं आणि सुट्टीत आई आणि मी त्याच्याकडे गेलो. त्याला रजा मिळेना, म्हणून कुस्कोला आम्ही दोघीच निघालो. इंकांची ही जुनी राजधानी अकरा हजार फुटांवर आहे. हॉटेलवाल्याने दुपारची अर्ध्या दिवसाची सहल ठरवून दिली. आधी गावातलं सूर्याचं देऊळ, मग वरच्या डोंगरातले तीन-चार अवशेष, आणि अंधार पडायच्या आत परत.

गाईड चाळिशीची, बुटकी, मोडक्या इंग्रजीत भरभर बोलणारी बाई होती. देवळाच्या भिंतींना एके काळी सोन्याचे पत्रे होते, ते स्पॅनिश लोकांनी काढून नेले आणि वर चर्च बांधलं, असं तिने सांगितलं. आईने दोन दगडांच्या फटीत नख घालून पाहिलं, ते शिरेना. आपल्या हेमाडपंती देवळांसारखं आहे, चुना नाहीच, असं ती कौतुकाने म्हणाली. माझं तिकडे लक्ष नव्हतं. माझं डोकं ठणकायला लागलं होतं.

बसमध्ये बसल्यावर गाईडने पिशवीतून सगळ्यांना हिरवी पानं वाटली. चावत राहा, विरळ हवेत बरं वाटतं, म्हणाली. कसलं पान, मी विचारलं. कोका, ती म्हणाली, कोकेन ह्याच्यापासूनच काढतात, पण आमच्याकडे हा नुसता चहा. मला सकाळी हॉटेलात प्यालेला हिरवट चहा आठवला. दोन कप प्याले होते, आणि चौथ्या दिवशी आम्ही दुबईला उतरणार होतो. तिथे रक्त तपासलं तर काय, हा विचार मनात आला. मी आईच्या हातातली पानं काढून घेतली आणि परत केली. औषधच आहे की, असं ती पुटपुटली.

"आई, एक पान जरी बॅगेत सापडलं ना, तरी आपण खलास. व्हिसा, नोकरी सगळं जाईल. तुरुंगात बसावं लागेल."

तिने मान हलवली. तिला पटलं असं मी धरून चालले.

किल्ल्याचे अवशेष होते तिथे वारा बोचत होता. बसच्या उंचीचे दगड एकमेकांना खेटून बसवलेले होते. चढाच्या मध्यावर माझा श्वास संपला. खरंच संपला. छाती हलत होती आणि आत काही येत नव्हतं. मी खाली बसले, मग आडवी झाले. गाईडने पानं तोंडाशी आणली तर मी दात घट्ट आवळले. मरतेय असं वाटत असतानाही मला पासपोर्टवरचा शिक्का दिसत होता, ह्याची आज लाज वाटते. आईचा हात माझ्या कपाळावर होता.

मग गाईडने तीन चांगली पानं निवडली, बोटांत एकत्र धरली, समोरच्या बर्फाच्या डोंगराकडे तोंड करून त्यांच्यावर फुंकर घातली आणि काहीतरी पुटपुटली. ती पानं तिने दगडावर ठेवली. दुसरी तीन आईला दिली. दर सोमवारी शंकराला बेल वाहणाऱ्या बाईला पुढचं शिकवावं लागलं नाही. आईने ती कपाळाला लावली, डोळे मिटले. मग गाईडच्या पिशवीतली आणखी दोन घेऊन माझ्या तोंडात कोंबली. ह्या वेळी नको म्हणायची ताकद माझ्यात नव्हती. कडू, तुरट चव होती, जीभ बधिर झाली. पानांनी की ड्रायव्हरने आणलेल्या ऑक्सिजनने, देव जाणे, पण हळूहळू श्वास आला. बाकीचे अवशेष मी बसच्या खिडकीतून पाहिले.

पेरूहून निघायच्या आधी मी दोन्ही बॅगा दोनदा रिकाम्या केल्या. खिसे उलटे केले, कपड्यांच्या घड्या झटकल्या. काही नव्हतं. तरी दुबईच्या पासपोर्टच्या रांगेत मी खिसे पुन्हा चाचपले. ऑफिसरने आईचा पासपोर्ट उघडला, पानं उलटली, प्लॅस्टिकचं कव्हर निसटत होतं ते अंगठ्याने सारखं केलं. एकदा आईकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग शिक्का मारला.

"खलास, मामा. यल्ला," तो आईला म्हणाला. म्हणजे झालं आई, निघा.

घरी आल्यावर आईने हातपाय धुतले, पासपोर्टच्या कव्हरच्या कप्प्यातून तीन वाळकी पानं काढली आणि देवापुढे ठेवली. ऑफिसरचा अंगठा बरोबर त्यांच्यावरून फिरला होता. हे काय आणलंस, म्हणून मी ओरडले.

"तिथे तू श्वास घेत नव्हतीस," ती म्हणाली. "तुझ्यासाठी हे हातात धरून मागितलं मी. प्रसाद आहे, टाकून कसा देऊ? आणि तुला सांगितलं असतं तर तू टाकलाच असतास."

मी टाकलाच. संडासात टाकून दोनदा फ्लश ओढला. बाहेर आले तर ती दाराशीच उभी होती. भांडली नाही, रडलीही नाही. नुसती माझ्या छातीकडे बघत होती.

त्यानंतर ती आमच्याकडे होती तोवर, मी ऑफिसातून आले की बेल वाजवायच्या आधीच दार उघडायची. लिफ्ट बंद असली आणि मी जिन्याने आले असले तर पर्ससुद्धा खाली ठेवू द्यायची नाही. आधी मला दारातच उभी करून माझ्या छातीवर हात ठेवायची आणि दम खाली बसेपर्यंत काढायची नाही.