छत्तिसावा भाग

पाण्याच्या टाकीपाशी पोचेपर्यंत दोघींची निम्मी वाट सरली होती, आणि टेपताईंनी पिशवी चौथ्यांदा या हातातून त्या हातात घेतली. पिशवीत पँट एकच, पण अशी धरलेली की जणू आत दगड भरलेत.

"ताई, द्या इकडे," धाकटी जाऊ म्हणाली.

"नको. माझं पाप मीच वाहते."

टेपताई म्हणजे धाकटीच्या थोरल्या जाऊबाई. गळ्यात मापाची टेप कायम. एकदा टेपेसकट डोळ्यांच्या दवाखान्यात जाऊन बसल्या, तेव्हापासून हे नाव चिकटलं. कपडे दुरुस्तीचं त्यांचं दुकान म्हणजे जिन्याखालची खोली. उंच गिऱ्हाइकाने वाकूनच आत यायचं. पण सव्वीस वर्षांत त्या खोलीत कुणाचं कापड बिघडलं नव्हतं.

बिनसलं ते टीव्हीपायी. मुलगा नोकरीच्या गावी जाताना भिंतभर टीव्ही लावून गेला. "आई, आता तुला हवं ते बघ!" हवं ते म्हणजे किती, हे काही तो बोलला नाही. दुकान आवरून, स्वयंपाक उरकून टेपताईंच्या वाट्याला जेमतेम पाऊण तास येई. त्यातला अर्धा तास काय बघावं हे बघण्यात जाई, आणि एकदाचं काही लागलं की टेपताईंचाच डोळा लागे. त्यात दुकानात येणारी प्रत्येक बाई नवी मालिका सुचवणार. नावं विसरू नयेत म्हणून टेपताई ती मापाच्या वहीतच लिहू लागल्या.

पोस्टमनची बायको नवऱ्याची नवी पँट घेऊन आली. लांबी सांगितली बेचाळीस, आणि त्याच दमात म्हणाली, "काही झालं तरी त्या मालिकेचा छत्तिसावा भाग चुकवू नका!" टेपताईंनी घाईत मालिकेपुढे बेचाळीस लिहिलं आणि पँटपुढे छत्तीस. दोन दिवस त्या मालिकेचा बेचाळिसावा भाग शोधत होत्या. मालिका चाळिसातच संपलेली दिसली, तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. तोवर कात्री चालून गेली होती. आणि पोस्टमन उद्या सकाळी निवृत्त होणार, तोही हीच पँट घालून.

"फोन केला असता तर भागलं नसतं का?" धाकटीने विचारलं.

"फोनवर माणूस मान खाली घालतो, ते कुणाला दिसतं गं?"

"मग बसने तरी यायचं."

"बसने लवकर पोचले असते. हिंमत गोळा कधी केली असती?"

धाकटीने चालता चालता मनातच हात जोडले. देवा, त्या माणसाला आज हसू येऊ दे.

पोस्टमनच्या घराचं दार त्याच्या बायकोने उघडलं. "या, या! पाहिलात का छत्तिसावा भाग?"

टेपताईंनी पँट पुढे धरली. "पाहिला नाही. कापून आणलाय."

पोस्टमनने पँट कमरेला लावून बघितली. घोटे उघडेच. तो म्हणाला, "तेहतीस वर्षं सायकल मारली. तेव्हा अशी दिली असती तर एकदाही चेनमध्ये अडकली नसती!"

बायको खो खो हसली. टेपताईंच्या डोळ्यांत मात्र पाणी आलं. "सायकलचं झालं हो. पण उद्या चारचौघांसमोर उभं राहायचंय तुम्हाला." त्यांनी पिशवीतून कापलेले तुकडे काढले, चांगले वीतभर लांब. "हे जोडते, आणि खाली पट्टी उलटी दुमडते. जोड तिच्या आत लपेल. घरात मशीन आहे का?"

मशीन होतं. "तुम्ही शिवा, तोवर आम्ही छानसं काही लावतो," म्हणत नवरा-बायको टीव्हीसमोर बसले. "हे नको, फार रडतात." "ते बघितलंय." "कुठं बघितलंय? झोपला होतात तुम्ही!" टेपताईंचा एक पाय शिवून झाला. दुसरा झाला. दोरे तोडले, इस्त्री फिरली. टीव्हीवर अजून चित्रांच्या रांगाच सरकत होत्या.

पँट घालून पोस्टमन ताठ उभा राहिला. काठ बरोबर बुटावर टेकला. "अगं, ही तर फॅशन झाली!" तो म्हणाला, आणि त्याने टेपताईंना चक्क सलाम ठोकला.

परतताना टेपताई अशा सुटल्या की धाकटीला धाप लागली.

"ताई, जरा दमानं!"

"किती दिवसांनी सुट्टी घेतल्यासारखं वाटलं गं! येता-जाता आपण एवढं बोललो, पण काय बोलायचं ते शोधत बसावं लागलं का एकदा तरी?"

"देवाने तास चोवीसच दिलेत, ताई. टीव्हीवाल्यांना कुणी सांगितलेलं दिसत नाही."

पाण्याच्या टाकीपाशी टेपताई थांबल्या. पिशवीच्या तळाशी हात घालून त्यांनी टीव्हीचा रिमोट काढला. निघताना रागारागाने आत टाकला होता. तो त्यांनी धाकटीच्या हातात कोंबला.

"हा तुझ्याकडे राहू दे. मागायला आले तर लगेच देऊ नकोस, एवढं ऐक माझं. आधी चपला घाल, आणि मला या टाकीपर्यंत चालवून आण."