यादीतला म

मेजरबाईंना 'मेजर' हे नाव रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात पडलं आणि निवृत्तीनंतर ते त्यांच्याबरोबर घरी आलं. अठ्ठावीस वर्षं तिथे त्यांचाच शब्द शेवटचा होता. रोज तीनशे ताटं निघायची आणि प्रत्येक ताटावर बाई एक चिठ्ठी चिकटवायच्या. चिठ्ठीवर एकच अक्षर. सा म्हणजे साधं, पा म्हणजे पातळ, म म्हणजे मऊ. पूर्ण शब्द लिहायला वेळ कुणाला होता? आता ही अक्षरं हातात इतकी बसली होती की घरच्या वाणसामानाच्या यादीतही ती आपोआप उतरायची.

तर त्या उन्हाळ्यात नातीची शाळा सुटली आणि घरात टूम निघाली, तळ्याकाठी जाऊन निखाऱ्यांवर स्वयंपाक करायचा. मेनू ठरवायचं काम साहजिकच मेजरबाईंकडे आलं. जाणार कुठे दुसरीकडे? सायकल दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या धाकट्या दिरांनी फर्मान सोडलं, "वहिनी, सुट्टीचं जेवण आहे. दवाखान्यातलं नको."

"बरं," बाई म्हणाल्या. मनात मात्र त्यांचा बेत वेगळाच होता आणि तो त्यांनी कुणाला सांगितला नव्हता.

गोष्ट अशी होती. बाईंचे यजमान जन्मभर बस चालवायचे, म्हणून त्यांना सगळे ड्रायव्हरसाहेब म्हणत. आठ महिन्यांपूर्वी त्यांच्या जबड्याचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, देवाची कृपा. पण अर्धं तोंड बधिर राहिलं. चावता येईना, आणि डाव्या कोपऱ्यातून घास ओघळला तरी त्यांना कळायचं नाही. थोड्याच दिवसांत एका साखरपुड्यात शेजारच्या पानावरचं पोर मोठ्यांदा म्हणालं, "आई, हे आजोबा सांडतायत." पोराचं काय, दिसलं ते बोललं. पण त्या दिवसापासून ड्रायव्हरसाहेबांनी चारचौघांत जेवणं सोडलं. घरीसुद्धा ताट घेऊन आत जायचे आणि पाठ करून बसायचे, बायकोसमोरही नाही. तळ्यावर येईन म्हणाले, पण घरून खाऊन येईन.

तीनशे माणसांना रोज जेवू घातलेल्या बाईला स्वतःचा नवरा समोर बसून जेवत नाही, हे आतल्या आत खात होतं. म्हणून त्यांनी निश्चय केला. मेनू असा करायचा, की सगळ्यांना वाटावं मेजवानी आणि ह्यांना प्रत्येक घास चालावा. वर सोपाही हवा. सुट्टीच्या दिवशी तिथे जाऊन कांदे कोण चिरत बसणार? कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी यादी केली. कुस्करलेल्या बटाट्याच्या टिक्क्या, पुढे म. वाटलेल्या मक्याच्या वड्या, पुढे म. खिम्याचे गोळे, पुढे म, आणि खिमा दाताखाली येतोच म्हणून आणखी एक म. भोपळा अख्खाच राखेत जाणार आणि आपसूक मऊ होणार, त्याच्यापुढे काही लिहिलं नाही. शेवटी कलिंगड.

आदल्या दिवशी नेमकी ड्रायव्हरसाहेबांची तपासणी आली. बाईंनी यादी सुनेच्या हातात ठेवली. सून चष्म्याच्या दुकानात कामाला. दिवसभर लोकांकडून फळ्यावरची अक्षरं वाचून घेणं हाच तिचा धंदा.

"सगळं मळून, भरून डब्यात ठेव. तिथे फक्त भाजायचं," बाई म्हणाल्या. "यादीत सगळं लिहिलंय. उगाच फोन करू नकोस."

सुनेने केला नाही. सासूबाईंनी नको म्हटल्यावर कोण करणार?

दुसऱ्या दिवशी तळ्याकाठी निखारे छान फुलले. झाडाखाली सतरंजी पडली. नातीने कागदी रुमालांचा गठ्ठा मांडला. भोपळा राखेत गेला, जाळीवर टिक्क्या चढल्या. ड्रायव्हरसाहेब गाडीला टेकून लांब उभे होते. घरून खाऊन येईन म्हणाले होते, पण बाईंनी सकाळी मुद्दाम नुसता चहा दिला होता.

पहिला गोळा दिरांनी उचलला. अर्धा चावला आणि थांबले. कपाळावर घाम आला, कान लाल झाले.

"वहिनी," ते कसेबसे म्हणाले, "दवाखान्यातलं नको म्हणालो होतो. दवाखान्यात पाठवा असं नव्हतो म्हणालो."

बाईंनी टिक्कीचा तुकडा जिभेवर ठेवला आणि कपाळाला हात लावला. नुसती मिरची.

"काय घातलंस गं ह्यात?"

"तुम्हीच लिहिलं होतं ना, आई," सून गोंधळून म्हणाली. "म. मिरची. खिम्यापुढे तर दोनदा म होता, म्हणून दुप्पट घातली. मला जास्त वाटली, पण तुम्ही फोन करू नको म्हणालात."

मेजरबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आठ दिवसांचा बेत पाण्यात. आता नवऱ्याला काय वाढू, कप्पाळ? बोलायला म्हणून त्यांनी तोंड उघडलं आणि समोर नजर गेली.

भूक लागली की माणूस थांबतो थोडाच? सगळे खात होते. दिरांचं नाक वाहत होतं, मुलगा हाशहुश करत डोळे पुसत होता, सुनेच्या हनुवटीवरून पाणी ओघळत होतं. नात रांगेने रुमाल वाटत फिरत होती. कुणाचाही चेहरा धड कोरडा नव्हता, आणि ड्रायव्हरसाहेब गाडीपाशी उभे राहून हसत होते. आठ महिन्यांत बाईंनी ते हसू ऐकलं नव्हतं.

"हसतोस काय दादा," दीर नाक पुसत म्हणाले. "ये की इकडे. बस आमच्यात."

ते आले. सतरंजीवर भावाला खेटून बसले आणि बायकोला म्हणाले, "मला काय आहे गं?"

बाईंनी राखेतला भोपळा फोडला. आतला गर लोण्यासारखा झाला होता. तो त्यांनी ताटलीत काढला, निववला, पुढे ठेवला. ड्रायव्हरसाहेबांनी घास घेतला. डाव्या कोपऱ्यातून थोडा गर ओघळला. तेवढ्यात नात रुमाल वाटत तिथवर आली आणि इतरांना दिला तसाच एक आजोबांच्या हातात कोंबून पुढे गेली. त्यांनी तोंड पुसलं. शेजारी दिरांनीही पुसलं. मग ड्रायव्हरसाहेबांनी ताटली पुढे केली.

"अजून वाढ. आणि कलिंगडही काप."

सून बाजूला मान खाली घालून उभी होती. "आई, चुकलं माझं."

"चूक माझी. धड शब्द लिहायला हात मोडला होता का माझा?" बाईंनी तिला जवळ ओढलं. "आणि तुझे उपकार आहेत बाई माझ्यावर. फार मोठे आहेत. ये, बस जेवायला."

मग त्या स्वतः ताटली घेऊन नवऱ्यासमोर बसल्या. एक गोळा उचलला आणि सबंध तोंडात टाकला. डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. ड्रायव्हरसाहेबांनी आपल्या हातातला रुमाल पुढे केला.

"तिखट लागलं?"

"नाही हो," बाई म्हणाल्या. "आठ महिन्यांनी तुमच्याबरोबर जेवतेय."