धाकटीच्या खोलीतलं शेवाळ

धाकटी माझी सख्खी बहीण, दोघी माशांची पिलं वाढवणाऱ्या एका मालकांकडे, एकाच इमारतीत कामाला, पण तिच्या खोलीत तिनं मला कधी पाऊल टाकू दिलं नाही. डबा द्यायला गेले तरी बाई दारातूनच हात पुढे करायची. "ताई, तिथंच थांब. तुझ्या अंगाला किडे असतील."

आणि असायचेच! माशांच्या नुकत्याच जन्मलेल्या पिलांना खायला घालतात ते बारीक किडे वाढवायचं काम माझं. ते किडे जगतात धाकटीच्या शेवाळावर. माझ्याकडचा एक थेंब तिच्याकडे गेला की शेवाळाचं सगळं पिंप फस्त. शेवाळ म्हणजे पाय घसरतो ते नव्हे हो. हे खाऱ्या पाण्यातलं, इतकं बारीक की नुसतं पाणीच हिरवं दिसतं. गाळून, वाळवून त्याची पूड माशांच्या खाद्यात घालतात. पिंपांत सोडायचं बियाणं काचेच्या बाटल्यांत, फळीवर दिव्याखाली ठेवलेलं. रोज सकाळ-संध्याकाळ एकेक बाटली हातानं घोळवायची, नाहीतर शेवाळ तळाशी बसून मरतं. माझ्या मुलीच्या लग्नातून ही बया मध्येच गायब झाली, तर इथं नटूनथटून बाटल्या घोळवत होती.

तर एक दिवस मालकांचे जावई पाहुणे घेऊन आले. आधी माझ्याकडे. किड्यांच्या टाकीत प्लास्टिकचा मग बुडवला, पाहुण्यांना दाखवला आणि तोच मग हलवत निघाले धाकटीच्या खोलीकडे. मी ओरडले, "अहो, तो मग इथंच ठेवा!" पाहुणे हसले. जावई म्हणाले, "बाई, मग चोरत नाहीये मी." धाकटी नेमकी मीठ आणायला खाली गेलेली. माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी एकेका पिंपात मग बुडवून रंग दाखवला. मी दारात थयथयाट करतेय, पण आत जायची माझी छाती होईना. माझ्या हातांनाही किडेच होते ना!

पुढच्या तीन-चार दिवसांत पिंपं फिकट पडली, मग धुण्याच्या पाण्यासारखी झाली. बाटल्या तेवढ्या वाचल्या. आणि खापर कुणाच्या डोक्यावर? धाकटीच्या! जावयांनी मालकांना सांगितलं, ही हात न धुता काम करते. हिच्याबद्दल! मला दारात उभी करणारीबद्दल! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी मालकांकडे जाऊन डोळ्यांनी पाहिलेलं सगळं सांगितलं. ते म्हणाले, "जावई आहेत आमचे. जरा जपून बोल." मग धाकटीला म्हणाले, "चूक झाली म्हण, विषय संपवू."

आणि तिनं म्हटलं! "चूक झाली, साहेब." चार माणसांसमोर, मान खाली घालून.

बाहेर आल्यावर मी तिच्यावर तुटूनच पडले. "तुझी जीभ झडली होती का गं? काय म्हणून कबूल केलंस?"

"भांडले असते तर काढलं असतं, ताई. मग बाटल्या कोण घोळवणार?"

मला तिचा इतका राग आला की दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही.

तिसऱ्या दिवशी मालकांनी धाकटीला बोलावलं. चूक तिनंच कबूल केलीये, म्हणाले, तेव्हा आता खोली जावई बघतील. तिनं त्यांना काम शिकवायचं आणि निघायचं.

असं रक्त उसळलं माझं! मी असते तर किल्ली तोंडावर फेकून निघाले असते. ही मात्र त्या माणसाला शिकवत बसली. अशी धरा, अशी घोळवा, हळू, फेस येऊ देऊ नका. एकेक बाटली त्याच्या हातात देत होती. मी दारातून बघत दात-ओठ खात होते.

सगळं ऐकून झाल्यावर तो म्हणाला, "आणि रविवारी? रविवारी राहू द्यायचं ना असंच?"

इतके दिवस डोळ्यांतून टिपूस न काढलेली धाकटी बाटल्यांच्या फळीला धरून ढसाढसा रडायला लागली. आणि तो शहाणा, हातात बाटली तशीच धरून, मला विचारतो, "यांना काय झालं?"