बन्सीचा बारीक आवाज

बन्सी बुडाला तेव्हा बावीस वर्षांचा होता. तारापूरच्या एका कारखान्यात कामाला होता, दर्याशी त्याचा काही संबंध नव्हता. दातिवऱ्याच्या मारुती कोळ्याशी दोस्ती होती, तेवढंच. हौस म्हणून एकदा त्याच्या होडीतून गेला, आणि वादळात होडी फुटली. मारुतीचं प्रेत तीन दिवसांनी किनाऱ्याला लागलं. बन्सीचं लागलंच नाही.

पालघरजवळ माहीमच्या घरात मागे राहिले थोरला भाऊ कमलाकांत आणि आई रत्नाबाई. कमलाकांत पालघर स्टेशन ते माहीम अशी स्वतःची जीप भाड्यानं चालवायचा. बन्सीच्या ट्रंकेत त्याला एक छोटा टेपरेकॉर्डर सापडला. कारखान्यातल्या कुणा साहेबानं जुना झाला म्हणून दिलेला, मुठीत मावेल एवढा. त्याची कॅसेटही काडेपेटीएवढी, जीपच्या टेपमध्ये बसणारी नव्हे. त्याचा स्वतःचा स्पीकर मेलेला होता. कमलाकांतनं मग वायर निघालेली ती पोकळ कॅसेट आणली, जिची पिन छोट्या यंत्रात खुपसायची आणि कॅसेट गाडीच्या टेपमध्ये ढकलायची, की एकाचं दुसऱ्यातून ऐकू येतं.

ऐकू आलं, पण फार बारीक. टेपचा आवाज शेवटपर्यंत पिळला तरी नुसतं सूं सूं, भरतीच्या पाण्यासारखं. त्या सूं सूंच्या तळाशी बन्सी काहीतरी बोलायचा. एकच शब्द कळायचा. "येतो."

कमलाकांत धावत घरात गेला. "आई, बन्सी येतो म्हणतो गं."

रत्नाबाई सुपारी कातरत होती. तिनं अडकित्ता खाली ठेवला आणि हात जोडले. टेप ऐकायला मात्र ती आली नाही. "तू ऐकलंस ना? झालं. मी तो आल्यावर ऐकीन."

त्यानंतर दिवस घालायचं नाव कुणी काढलं की ती अंगावर यायची. "जित्या माणसाचे दिवस घालता? माझा पोरगा येतो म्हणून सांगून गेलाय." बन्सीची थाळी रोज मांडली जायची आणि रोज गाईला जायची. अशी पाच वर्षं गेली. कमलाकांतचं लग्न त्यात राहून गेलं, कारण धाकटा आल्याशिवाय मांडव घालायचा नाही, असं रत्नाबाईनं ठरवून टाकलं होतं.

इकडे आवाज आणखी बारीक होत चालला. चौऱ्याण्णवच्या दिवाळीनंतर तो शब्दही विरला, नुसतं पाणी राहिलं. कमलाकांतला चैन पडेना. दुपारी जीप काढून तो बोईसरला आत्मारामकडे गेला. आत्माराम गाड्यांचे टेप बसवायचा, दुरुस्त करायचा.

आत्मारामनं पिन बाहेर ओढून उजेडात धरली. "ही बघ, हिरवी पडलीय. खारी हवा. आतलं भोकपण असंच असणार." त्यानं पिन घासली, भोकात स्पिरिटचा बोळा फिरवला, तुटत आलेली वायर नव्यानं डाग देऊन जोडली. मग विचारलं, "या छोट्याचा आवाज किती ठेवतोस?"

"अगदी कमी. एकच कॅसेट हाय, झिजू नये म्हणून."

"आवाजानं कॅसेट झिजत नाय रे. छोट्याला तू कुजबुजायला लावतोस आणि मोठ्याला ओरडायला. मग मोठा ओरडणार काय? खरखरच ना?" त्यानं छोट्या यंत्राचं आवाजाचं चाक बरंच वर चढवलं, गाडीच्या टेपचं खाली आणलं, आणि बटण दाबलं.

सूं सूं गेलं. भर दुपारी, बाहेर ट्रकांची रांग लागलेली असताना, बन्सी जीपमध्ये बोलला. शेजारी बसल्यासारखा.

"आई, बाहेर बघ ना. दादा येतो का?"

आत्माराम म्हणाला, "नीट येतोय आता. तुझा भाऊ का?" कमलाकांतनं मान हलवली आणि स्वतःच बटण बंद केलं.

तो घरी आला, जीप अंगणात सुपारीखाली लावली आणि आईला हाताला धरून पुढच्या सीटवर बसवलं. "आई, मी चुकीचं ऐकलं होतं. आता तू ऐक."

रत्नाबाईनं पदर तोंडाशी धरला. बन्सीनं विचारलं, "दादा येतो का?" मागून तिचाच आवाज आला, पाच-सहा वर्षांनी तरुण, चुलीपाशी खोकत असलेला. "येईल रे, जेव आधी." मग भांड्यांचा आवाज, कुत्रं, बन्सीचं गुणगुणणं. बराच वेळ काही नाही. आणि लांबून एक हॉर्न.

कमलाकांतला तो ओळखायला क्षणही लागला नाही. ज्या गाडीत ते बसले होते तिचाच तो हॉर्न, नवा कोरा. जीप पहिल्यांदा घरी आणली त्या दिवसाचा. टेपमधला हॉर्न जवळ जवळ येत गेला, बन्सी ओरडला, "आला!" धावणारी पावलं, आणि कॅसेट संपली.

"त्यानं तुझीच वाट बघितली रे," रत्नाबाई म्हणाली. "आपण उगाच त्याची बघत बसलो." ती रडली नाही. पदर सावरून म्हणाली, "भटजींना विचार. दर्भाचा पुतळा करतात ना? करून टाक."

अमावास्येला माहीमच्या किनाऱ्यावर दर्भाचा बन्सी जळला. रत्नाबाई त्या रात्री गाढ झोपली. थाळी मांडणं बंद झालं.

कमलाकांतचं मात्र उलट झालं. टेप त्यानं पुन्हा लावला नाही, तरी किनाऱ्यालगतच्या सुरूच्या बनाजवळ जीप आली की त्याच्या तोंडून शब्द जायचा, "आलो." एकदा शेजारी बसलेल्या, रोजच्या गिऱ्हाइकातल्या ठकीनं विचारलं, "कोणाला आलो म्हणतोस, भाऊ?"

"मागनं कोणी हाक मारली ना?"

ठकीनं मागे बघितलं. मागच्या बायका तिच्याकडे बघत होत्या. कुणीच हाक मारली नव्हती. दुसऱ्या दिवसापासून ती दुसऱ्या जीपनं जाऊ लागली, आणि गोष्ट रत्नाबाईच्या कानावर घातली.

रत्नाबाईनं लेकाला समोर बसवलं. "हाक आली तरी ओ देऊ नको. माझी शपथ हाय. तो लहान हाय, त्याला कळत नाय कोणाला बोलवायचं आणि कोणाला नाय."

"आणि त्यानं वाट बघितली तर?"

"बघू दे. मी जाईन ना त्याच्याकडे. माझी पाळी आधी."

त्या उन्हाळ्यात कमलाकांतनं माहीमची फेरी सोडली आणि बोईसर ते तारापूर कारखान्यांची माणसं न्यायला लागला. ती माणसं वाटभर मोठमोठ्यानं हिंदीत बोलायची, भांडायची, हसायची. त्याला ते आवडायचं. शेवटचा माणूस उतरून जीप शांत झाली, की तोही लगेच खाली उतरायचा आणि कोणी नवीन चढेपर्यंत रस्त्याच्या कडेला उभा राहायचा.