ओला फ्लॉवर

माझा नवरा रंगारी. भिंतीला हात लावून ओल बघितल्याशिवाय तो ब्रश उचलत नाही. घरचा स्वयंपाकही त्याच्याकडेच, कारण माझ्या हातचं त्याला आवडत नाही, आणि मलाही. मटण करण्यात तर त्याचा हात धरणारा कोणी नाही. पण लेकीनं मटण सोडलं आणि त्याचं घोडं अडलं. फ्लॉवर केला की लगदा व्हायचा. मसाला वाढवला की तिखट लगदा. लेक मुकाट्यानं खायची, आणि तेच त्याला झोंबायचं.

एका रविवारी तो फ्लॉवरचा तुरा घेऊन खिडकीपाशी गेला. बोटांनी दाबला, वास घेतला.

"अगं, याला ओल आहे," तो म्हणाला. "ओल्या भिंतीवर मी कधी रंग लावतो का?"

"भाजी आहे ती," मी म्हणाले.

ऐकतोय कुठला. तुरे धुऊन त्यानं माझ्या चांगल्या टॉवेलवर पंख्याखाली वाळत घातले. मग तवा कडकडीत तापवला, तेल सोडलं, तुरे पालथे ठेवले आणि मलाच दटावलं, "हलवू नकोस." कडा तपकिरी झाल्यावरच मीठमिरी पडली. त्या वासानं लेक आपणहून आत आली आणि तव्यातूनच खायला लागली.

"कडेला कसा लागतो? आणि आत?" तो विचारत राहिला.

"बाबा, तुझं मटण?"

सकाळी स्वतःसाठी आणलेलं ते पातेल्यात कच्चंच पडलं होतं. त्यानं तिकडे बघितलंही नाही. तव्याला चिकटलेलं खरवडत तो म्हणाला, "हे माझं. याला हात लावायचा नाही."